‘बोगी घसरली’ म्हणजे नेमके काय घसरले? मराठी वृत्तकक्षांना खुले पत्र

मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळे चालवणाऱ्या संपादक, उपसंपादक आणि वार्ताहर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

रेल्वे अपघात झाला की काही मिनिटांत पडद्याच्या तळाशी एक ओळ धावू लागते : ‘एक्स्प्रेसच्या तीन बोग्या रुळावरून घसरल्या’. आमची तक्रार यातल्या ‘बोगी’बद्दल आहे. ती भाषाशुद्धीची तक्रार नाही. बोगी हा शब्द इंग्रजीतून आला म्हणून तो काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. उलट तो जपून ठेवा, कारण ज्या वस्तूचे ते नाव आहे तिला मराठीत दुसरे सुटसुटीत नाव नाही. आणि नेमकी तीच वस्तू रेल्वे अपघातात बहुतेक वेळा कळीची असते.

प्रवासी जिथे बसतात, झोपतात, खिडकीतून बाहेर पाहतात तो डबा. त्या डब्याच्या पोटाखाली दोन टोकांना चाकांचे दोन स्वतंत्र गाडे असतात. त्यातला प्रत्येक गाडा म्हणजे बोगी. एका डब्याला दोन बोग्या, एका बोगीला दोन ॲक्सल म्हणजे आस, एका ॲक्सलला दोन चाके. म्हणजे डब्यामागे आठ चाके. 22 डब्यांच्या गाडीखाली 44 बोग्या आणि 176 चाके फिरत असतात. ‘22 बोग्यांची गाडी’ असे लिहिले तर तांत्रिक अर्थाने ती 11 डब्यांची होते.

हा गाडा वेगळा का लागतो, हे एकदा नीट समजले की शब्दाचा गोंधळ आपोआप मिटतो. चाके थेट डब्याच्या सांगाड्याला घट्ट बसवली, तर पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमधले अंतर फार वाढवता येत नाही. रूळ वळतो तेव्हा लांब आणि ताठ सांगाड्याची चाके वळणाच्या रेषेत राहत नाहीत. चाकाची आतली कड, म्हणजे फ्लँज, रुळावर तिरकी घासू लागते आणि पुढे त्यावर चढायला पाहते. म्हणून सुरुवातीचे डबे आखूड आणि चारचाकी असत. डबा लांब करायचा तर चाकांना डब्यापासून वेगळे वळू द्यावे लागते. जुन्या पद्धतीच्या आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याचा सांगाडा सुमारे 21.3 मीटर लांब आहे आणि त्याच्या दोन बोग्यांचे मध्यबिंदू एकमेकांपासून 14.783 मीटरवर आहेत, पण एका बोगीतल्या दोन ॲक्सलमधले अंतर फक्त 2.896 मीटर. वळणाला जुळवून घेतात ते हे तीन मीटरहून कमी लांबीचे दोन गाडे. वरचा लांब डबा त्यांच्यावर अलगद फिरतो. आपल्या ब्रॉडगेजवरचे सर्वांत तीव्र वळण 175 मीटर त्रिज्येचे धरले जाते. तिथून एवढा डबा निघतो तो बोगीमुळेच.

बोगीच्या आत बरेच काही भरलेले असते. पोलादी चौकट, चाके आणि ॲक्सल, ॲक्सलच्या टोकांना बेअरिंग असलेल्या पेट्या, त्यांच्यावरच्या पहिल्या स्प्रिंगा, मग बोल्स्टर नावाची आडवी तुळई आणि तिच्याखालच्या दुसऱ्या स्प्रिंगा, शिवाय ब्रेकची सगळी यंत्रणा. आयसीएफ बोगीत डब्याचे वजन मधल्या खिळीवर येत नाही. ते दोन बाजूंच्या, तेलात बुडालेल्या आधारांवर येते. मधली खिळी, म्हणजे सेंटर पिव्हट, फक्त ओढ आणि ब्रेकचा जोर पोचवते. मालडब्यांखालच्या कॅसनब बोगीत उलट आहे : तिथे मुख्य वजन मधल्या वाटीसारख्या बैठकीवर येते, आणि दोन ओतीव बाजूचौकटी व एक तुळई एवढ्या तीनच मोठ्या भागांची ती बोगी हेलकावे शमवण्यासाठी पाचरींच्या घर्षणावर अवलंबून असते. पाचरी झिजल्या की डबा डुलू लागतो. रिकामा मालडबा भरलेल्यापेक्षा लवकर घसरतो तेही यामुळेच समजते. चाकावरचा उभा भार कमी, बाजूचा रेटा मात्र फारसा कमी नाही. या दोन बळांचे गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेले की फ्लँज रुळावर चढते. ‘मालगाडीची बोगी घसरली’ या वाक्यात हे काहीच उरत नाही. काय झिजले होते, कशावर भार नव्हता, हे विचारायला जागाच राहत नाही.

मग बोगी म्हणजे डबा हा अर्थ आला कुठून? इंग्रजीतच या शब्दाचा प्रवास वाकडातिकडा आहे. उत्तर इंग्लंडमध्ये, टाइन नदीच्या परिसरात, खाणी-कारखान्यांतला माल वाहणारा बुटका गाडा म्हणजे बोगी. 1812 साली विल्यम चॅपमन या इंग्लिश अभियंत्याने इंजिनाखाली फिरता गाडा बसवण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले आणि पुढे त्या गाड्याला हेच नाव चिकटले. अमेरिकेत जॉन जर्व्हिस यांनी 1832 साली इंजिनाच्या पुढच्या भागाखाली असा गाडा वापरला. तिथे त्याला ‘ट्रक’ म्हणतात, आणि आजही म्हणतात. हिंदुस्थानात चारचाकी डब्यांच्या जोडीला लांब, आठ चाकी डबे आले तेव्हा दोन्हींतला फरक सांगण्यासाठी ‘बोगी कॅरेज’, ‘बोगी वॅगन’ असे शब्द वापरात आले. आजही मालडब्यांच्या सांकेतिक नावांत तो फरक टिकून आहे : कोळसा वाहणाऱ्या बॉक्सएन डब्याच्या नावातला पहिला ‘बी’ हा बोगीचाच, आणि मालगाड्यांच्या आकडेवारीत ‘चारचाकी डब्यांच्या हिशेबाने’ असा रकाना अजून असतो. बोलता बोलता ‘बोगी कॅरेज’मधले नाम गळाले, विशेषण उरले, आणि चारचाकी डबे वापरातून गेल्यावर सगळेच डबे ‘बोगी’ झाले, असे दिसते. भाषेत असे होतच असते. फलाटावर कुणी ‘आपली बोगी पुढे आहे का मागे?’ असे विचारले तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नये. त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तरही त्याच शब्दात द्यावे.

खरी गंमत पुढे आहे. प्रवाशांनी डब्याला बोगी म्हणायला सुरुवात केली, तशी रेल्वेत कॅरेज-वॅगनच्या, म्हणजे डब्यांची देखभाल करणाऱ्या, माणसांनी बोगीला ‘ट्रॉली’ म्हणायला सुरुवात केली. आजही अपघाताचा पहिला निरोप येतो तो असा : ‘इंजिनापासून सातव्या डब्याची मागची ट्रॉली उतरली, चारही चाके’. इथे ट्रॉली म्हणजे बोगी. पण रुळांची पाहणी करणारे निरीक्षक ज्या छोट्या गाडीवर बसून फिरतात तीही ट्रॉलीच, ढकलली तर पुश ट्रॉली आणि इंजिनाची असेल तर मोटर ट्रॉली. निरोपातला ‘ट्रॉली’ शब्द ऐकून एखादा वार्ताहर पाहणीची गाडी घसरल्याचे लिहू शकतो, किंवा अनोळखी शब्द नको म्हणून ‘बोगी’ करून टाकतो. दुसऱ्या मार्गाने गेलेला शब्द खरे तर योग्य असतो, पण वाचकाच्या डोक्यात तोवर पूर्ण डबा उभा राहिलेला असतो. म्हणजे बरोबर शब्द वापरूनही बातमी चुकते. या एका कारणासाठी तरी वृत्तकक्षाने दोन्ही अर्थांपैकी एक ठरवून घ्यावा.

आता त्या धावत्या ओळीकडे परत पाहा. ‘तीन बोग्या घसरल्या’. पहिला अर्थ : तीन डबे, म्हणजे सहा ट्रॉल्या, 24 चाके रुळाबाहेर. दुसरा अर्थ : तीन ट्रॉल्या, 12 चाके, एका डब्याच्या दोन्ही आणि शेजारच्या डब्याची एक, म्हणजे बाधित डबे दोनच. तिसरा अर्थ : तीन वेगवेगळ्या डब्यांची प्रत्येकी एक ट्रॉली. तिन्ही घटना सारख्या नाहीत. एक ट्रॉली उतरलेला डबा बहुधा उभा असतो, एका टोकाला थोडा खचलेला. आतली माणसे हादरलेली असतात पण चालत उतरू शकतात. दोन्ही ट्रॉल्या उतरून डबा कलंडला तर खिडक्या कापाव्या लागतात. बचावाची तयारीही वेगळी. उभ्या डब्याची एक ट्रॉली जलदाबावर चालणारे जॅक आणि सरकपट्ट्या वापरून पुन्हा रुळावर बसवता येते. कलंडलेल्या डब्याला 140 टनी क्रेन लागते, क्रेनला उभे राहायला शेजारचा रूळ रिकामा लागतो आणि विजेची तार आधी बंद करून बाजूला घ्यावी लागते. वाहतूक किती वेळ बंद राहील याचा अंदाज यावरच असतो. घरी वाट पाहणाऱ्या माणसाला हाच अंदाज हवा असतो.

मोठ्या अपघातांत आणखी एक गोष्ट घडते, जी ‘बोगी म्हणजे डबा’ धरले तर लिहिताच येत नाही. जोराच्या धक्क्यात डबा आणि बोगी एकमेकांपासून सुटतात. डबा एकीकडे आडवा, त्याच्या बोग्या पन्नास पावलांवर रुळांतच अडकलेल्या, हे दृश्य छायाचित्रांत अनेकदा दिसते. त्याखाली ओळ काय लिहाल? ‘डबा बोगीपासून वेगळा झाला’ हे अचूक वाक्य आहे, पण ज्या पानावर वर ‘पाच बोग्या उलटल्या’ असा मथळा आहे त्या पानावर ते निरर्थक होते. मग ओळ लिहिली जाते : ‘बोगीची चाके निखळली’. चाके निखळणे ही पूर्ण निराळी घटना आहे. ॲक्सलवर दाबून बसवलेले चाक जागचे सरकणे किंवा ॲक्सलच मोडणे, हा कारखान्यातल्या किंवा देखभालीतल्या दोषाकडे बोट दाखवणारा प्रकार. तर डबा बोगीवरून उडणे हा टकरीच्या जोराचा परिणाम. वाचक पहिले वाचतो आणि दोष कुणाचा याचा निवाडा मनात करून मोकळा होतो.

धुराच्या बातम्यांत हा घोळ जास्त धोक्याचा आहे. ‘बोगीतून धूर, प्रवाशांत घबराट’ असे आपण लिहिता. धूर डब्याच्या आतून निघाला की खालून, चाकांपासून? आतून निघणारा धूर म्हणजे वायरिंग, सामान, स्वयंपाकाचे काही. तिथे माणसांनी लगेच बाहेर पडायचे असते. खालून निघणारा धूर बहुतेक वेळा ब्रेकचा असतो. ब्रेक लागून सुटलाच नाही, त्याला ब्रेक बाइंडिंग म्हणतात. जुन्या आयसीएफ डब्यात ब्रेकचे ठोकळे थेट चाकाच्या घेरावर दाबले जातात, त्यामुळे चाक तापते, ठिणग्या उडतात आणि रात्री त्या खिडकीपर्यंत दिसतात. जर्मन पद्धतीच्या एलएचबी डब्यात प्रत्येक ॲक्सलवर दोन चकत्या असतात आणि पॅड त्यांना चिमटतात. तिथे धूर चाकांच्या मधून, डब्याच्या तळातून येतो आणि जळक्या वासासकट तो आतही शिरतो. तिसरे कारण हॉट ॲक्सल, म्हणजे बेअरिंग तापणे. त्यात आधी ग्रीस जळाल्याचा वास आणि कर्कश आवाज येतो, आणि वेळीच लक्ष गेले नाही तर ॲक्सलचे टोक मोडण्यापर्यंत वेळ येते. गाडी स्टेशनात शिरताना फलाटाच्या दोन्ही बाजूंना कर्मचारी उभे राहून चाकांकडे पाहत-ऐकत असतात ते यासाठीच. हॉट ॲक्सल सापडला की तो डबा गाडीतून काढतात. ‘डबा सिक केला’ असे आमच्यात म्हणतात.

ब्रेक बाइंडिंगमध्ये मात्र डबा काढावा लागतोच असे नाही. एलएचबी डब्यात प्रत्येक बोगीचा ब्रेक वेगळा बंद करण्याची तोटी असते, आणि ब्रेक लागला आहे की सुटला आहे हे दाखवणारी लाल-हिरवी खिडकी डब्याच्या बाहेरच्या बाजूला असते. कर्मचारी बिघडलेल्या बोगीची हवा कोंडून तेवढाच ब्रेक निष्क्रिय करतात; त्याच डब्याच्या दुसऱ्या बोगीचा ब्रेक चालू राहतो. रेल्वेच्या पत्रकात ‘एका बोगीचा ब्रेक बंद करून गाडी पुढे नेली’ असे असते तेव्हा त्याचा हा अर्थ. बातमीत मात्र एक आख्खा डबा ब्रेकशिवाय पळवला असे चित्र उभे राहते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर संतापाची पत्रे येतात.

22 जानेवारी 2025 रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. त्या दुर्घटनेचे खापर कोणत्याही शब्दावर फोडता येणार नाही. पण चाकाजवळचा धूर आणि डब्यातली आग यांतला फरक प्रवाशाला कळणे किती मोलाचे आहे, हे त्याहून स्पष्ट कशाने होणार? तो फरक लोकांपर्यंत पोचवण्याचे काम वर्षभर रोजच्या छोट्या बातम्याच करतात. ‘डब्याखालच्या बोगीत ब्रेक अडकल्याने धूर’ ही ओळ काही दहा वेळा वाचलेला माणूस अकराव्या वेळी, स्वतः गाडीत असताना, आधी दुसऱ्या बाजूचा रूळ पाहील.

इंजिनांच्या बातम्यांतही हे अडते. इंजिनालाही बोग्या असतात, फक्त त्यांत विजेच्या मोटारी बसवलेल्या असतात. डब्ल्यूएपी-7 इंजिनाखाली तीन-तीन ॲक्सलच्या दोन बोग्या आहेत, डब्ल्यूएपी-5 खाली दोन-दोन ॲक्सलच्या. ‘इंजिनाची बोगी घसरली’ याचा अर्थ इंजिनच अर्धे उतरले. पण मराठीत ते ‘इंजिनाला लागून असलेला डबा’ असे वाचले जाते. वंदे भारतमध्ये तर वेगळे इंजिनच नाही. 16 डब्यांपैकी 8 डब्यांखालच्या बोग्यांत मोटारी आहेत. त्या मोटर बोग्या, बाकीच्या ट्रेलर बोग्या. आणि मोटर असलेला डबा तो मोटर कोच. मुंबईच्या लोकलमुळे मोटर कोच हा शब्द तरी पुष्कळांना माहीत आहे. मोटर बोगी आणि मोटर कोच यांची अदलाबदल केली की मोटारींची संख्या दुप्पट किंवा निम्मी होते.

मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे एक देखणा शब्द आहे : वाघीण. वॅगनचेच मराठी रूप, पण असे मुरलेले की इंग्रजी मूळ आठवतही नाही. ‘कोळशाच्या चार वाघिणी घसरल्या’ हे वाक्य आखूड आहे, नेमके आहे आणि प्रवासी गाडीचा संशय त्यात येत नाही. मथळ्यात तो शब्द पुन्हा दिसू लागला तर आम्हांला आनंद होईल. नको वाटत असेल तर ‘मालडबा’ चालेल. 58 वाघिणींच्या मालगाडीला ‘58 बोग्या’ म्हटले की बोग्यांचा खरा आकडा, 116, कुठे तरी नाहीसा होतो.

परदेशी बातम्यांचा अनुवाद ही वेगळी डोकेदुखी. तिथे अमेरिकी आणि ब्रिटिश इंग्रजी एकमेकांना छेद देतात. अमेरिकेत रेल्वेचा कोणताही डबा ‘कार’. रसायनाची टाकी असलेली वाघीण ‘टँक कार’, बंद वाघीण ‘बॉक्सकार’, आणि चाकांचा गाडा म्हणजे ‘ट्रक’. 3 फेब्रुवारी 2023 रोजी ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन गावी मालगाडी घसरली, तेव्हा मूळ बातमीत 38 ‘कार’ रुळावरून उतरल्याचे होते. त्या 38 वाघिणी. एका वाघिणीचे बेअरिंग तापून निकामी झाले होते, म्हणजे वर सांगितलेला हॉट ॲक्सलच. अशा अहवालांत ‘ट्रक’ला दोष असल्याचे वाक्य आले की मराठीत रस्त्यावरचा ट्रक रुळांवर येतो आणि फाटकावर टक्कर झाल्याचा भास होतो. उलट ब्रिटिश जुन्या मजकुरात ‘ट्रक’ म्हणजे उघडी वाघीण असू शकते. तेव्हा मजकूर कुठला आहे हे आधी पाहावे. अमेरिकी असेल आणि विषय रेल्वेचा असेल तर ‘ट्रक’ला बोगी आणि ‘कार’ला डबा किंवा वाघीण, एवढे केले तरी नव्वद टक्के अडचण सुटते. ‘ट्रॉली’ दिसली तर जास्त सावध : अमेरिकेत ती शहरातली ट्राम असते. ‘कोच’ ब्रिटिश मजकुरात लांब पल्ल्याची बसही असू शकते, आणि अमेरिकी विमानाच्या तिकिटावर ती साधी श्रेणी.

फ्रान्सच्या टीजीव्हीबद्दल लिहिताना आणखी एक खाच आहे. तिथे शेजारच्या दोन डब्यांची टोके एकाच बोगीवर टेकलेली असतात. टीजीव्हीच्या पहिल्या पिढीत दोन इंजिने आणि मधले आठ डबे मिळून फक्त 13 बोग्या आहेत : इंजिनांच्या चार आणि डब्यांच्या नऊ. अशी गाडी घसरली तरी डबे एकमेकांना धरून राहतात, चाकूसारखे दुमडत नाहीत. बोगी म्हणजे डबा धरून या गाडीचे वर्णन करायला गेलात तर तिला डब्यांपेक्षा जास्त डबे असल्याचे लिहावे लागेल.

रेल्वेबाहेर बोगी शब्द नेहमी चाकांच्या गाड्यासाठीच येतो, डब्यासाठी कधीच नाही. बोइंग 777 च्या मुख्य चाकांच्या दोन बोग्यांत प्रत्येकी सहा चाके असतात. जड टिपरच्या मागच्या दोन ॲक्सलांच्या जोडीला मेकॅनिक बोगी म्हणतात. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या सहा चाकी गाड्यांची चाके ज्या सांध्यांवर बसवली आहेत त्या रचनेचे नाव रॉकर-बोगी आहे. एक चाक दगडावर चढले तरी बाकीची पाच जमिनीला टेकून राहावीत म्हणून ती तशी केली आहे. गोल्फमध्ये एका छिद्रासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त लागला की तीही बोगी, पण तिचे इंग्रजी स्पेलिंग आणि कूळ दोन्ही वेगळे.

आमची मागणी मोठी नाही. शैलीपुस्तिकेत तीन ओळी वाढवा. प्रवासी बसतात तो डबा. माल असतो ती वाघीण किंवा मालडबा. त्यांच्याखाली चाकांसकट असतो तो गाडा बोगी, आणि पहिल्यांदा वापरताना तिच्याआधी ‘डब्याखालची’ हा शब्द. प्रवाशाचे किंवा प्रत्यक्षदर्शीचे बोलणे अवतरणात असेल तर त्याने म्हटलेली ‘बोगी’ तशीच राहू द्या. त्याच्या तोंडी दुसरा शब्द घालू नका. रेखाचित्रे करणाऱ्या कलाकारांनाही हे कळवा. अपघाताच्या चित्रांत डबा चाकांसकट एकाच ठोकळ्यासारखा उलटलेला दाखवतात, ते बहुतेक वेळा चूक असते.

वार्ताहरांसाठी थोडे अधिक. घसरलेला डबा कोणता, हे नुसत्या आकड्याने सांगू नका. इंजिनापासून कितवा आणि त्याच्या दाराजवळच्या पाटीवर काय आहे हे दोन्ही घ्या : एस-4, बी-2, जनरल, जे असेल ते. नातेवाइकांकडे तिकिटावर तीच खूण असते. डब्याच्या अंगावर रंगवलेला क्रमांकही टिपा. त्याचे पहिले दोन आकडे डबा कोणत्या वर्षी बांधला ते सांगतात, आणि डबा जुन्या पद्धतीचा की एलएचबी हे ठरवायला त्याची मदत होते. पद्धतीचा प्रश्न महत्त्वाचा, कारण एलएचबी डब्यांची मधली जोडणी अशी असते की धक्क्यात एक डबा दुसऱ्यावर चढू नये. जुन्या पद्धतीच्या डब्यांची बांधणी आयसीएफने 2018 च्या सुरुवातीला थांबवली, पण बांधून झालेले डबे त्यानंतरही धावत राहिले. जनरेटरचा डबा आणि गार्डचा डबा गाडीच्या टोकाला असतात. ‘शेवटचे दोन डबे घसरले’ याचा अर्थ कधी कधी एकही प्रवासी नसलेला किंवा अगदी थोडे प्रवासी असलेला भाग घसरला, असाही होतो.

आणि एक अडचण आम्हांला ठाऊक आहे. रेल्वेचे अधिकारीही माध्यमांशी बोलताना ‘बोगी’ म्हणतात, कधी डब्याला, कधी ट्रॉलीला, कधी एकाच वाक्यात दोघांना. लोकांना कळावे म्हणून लोकांचा शब्द वापरायला जातात आणि घोळ वाढवून ठेवतात. अशा वेळी ‘बोगी म्हणजे काय म्हणायचे आहे तुम्हांला?’ असे विचारून फारसा उपयोग होत नाही. समोरचा माणूस घाईत असतो. त्याऐवजी विचारा : ‘चाके किती उतरली?’ हा आकडा घटनास्थळावरच्या पहिल्या निरोपात असतोच. उत्तर दोन आले तर एक ॲक्सल, चार आले तर एक बोगी, आठ आले तर बहुधा एक पूर्ण डबा. बारा आले तर पुढचा प्रश्न : ‘किती डब्यांची?’

आपले,
कॅरेज-वॅगन देखभालीचे काम जाणणारे काही तंत्रज्ञ आणि तांत्रिक मजकुराचे अनुवादक